‘गेम ओव्हर’ गेलं कुठं?

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच कबूल करतो की हा लेख लिहिणारा मुलगा काही साधुसंत नाही. पहिल्या वर्षी माझी एम-टूची केटी लागली ती का लागली, हे होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पेपरच्या आदल्या रात्री अडीच वाजता मी डिफरन्शियल इक्वेशन सोडवत नव्हतो. ‘ही शेवटची’ असं म्हणत चौथ्यांदा स्क्वॉड गोळा करत होतो. तेव्हा "गेम खेळू नका" असा उपदेश करायचा मला अधिकार नाही आणि तो मी करणारही नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच, आणि ते सांगण्यासाठी तुम्हाला माझ्या गावाकडे न्यावं लागेल.

मी जव्हार तालुक्यातला. कॉलेजात कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि मी जव्हार म्हटलं, की दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे, "अरे वा, दाभोसा धबधबा!" आणि दुसरी, जरा आवाज खाली आणून, "तिकडे कुपोषण आहे ना?" दोन्ही खरं आहे. १९९२-९३ साली वावर-वांगणी भागात जे बालमृत्यू झाले, तेव्हापासून जव्हार-मोखाडा ही नावं पेपरात वाचली की लोकांना तेवढंच आठवतं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, आमचा पत्ता बदलला, पण ओळख तीच राहिली. व्हिडिओ गेमचं व्यसन हा विषय आमच्या भागाशी जोडावा असं कुणाच्या मनात येत नाही. ते दुखणं ठाण्या-अंधेरीच्या फ्लॅटमधल्या एकुलत्या एक मुलांचं, असा सगळ्यांचा समज. खरं सांगायचं तर माझाही तोच होता.

जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कॉलेजचं एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर मोखाडा तालुक्यातल्या एका गावात झालं. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा नेहमीचा बेत. मी स्थानिक म्हणून सर्वेक्षण माझ्या गळ्यात पडलं. विषय ठरला ‘माध्यमिक विद्यार्थी आणि मोबाईल गेम’. किम्बर्ली यंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची इंटरनेट-व्यसनाची वीस प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध आहे, १९९८ सालची. तिच्यावरून बेतलेली एक प्रश्नावली आदल्या रात्री आम्ही तिघांनी मराठीत तयार केली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलांना वाटली.

प्रश्नावली साफ आपटली!

पहिला प्रश्न होता, ‘तुमच्याकडे स्वतःचा मोबाईल आहे का?’ जवळजवळ सगळ्यांनी ‘नाही’ वर खूण केली. आमच्यातला एक जण म्हणाला, चला, विषयच संपला, इथे व्यसन नाही. दुसरा प्रश्न, ‘रोज किती तास गेम खेळता?’ याच्यापुढे आकडा लिहायची रेघ होती. त्या रेघेवर आलेली उत्तरं अशी: ‘बाबा आल्यावर’. ‘रविवारी’. ‘टेकडीवर गेलो तर’. ‘चार्जिंग असेल तोपर्यंत’. एकाने नुसतं ‘दिवाळी’ लिहिलं होतं. बऱ्याच मुलींनी पान कोरंच ठेवलं होतं आणि एकीने लिहिलं होतं, ‘भाऊ देत नाही’. आता याचं सरासरी कसं काढायचं? एक्सेलमध्ये ‘दिवाळी’ भरता येत नाही.

पण संध्याकाळी त्याच पोरांबरोबर कबड्डी खेळून दम खात बसलो असताना मी सहज विचारलं, की बाबांनो, लांबून मारायला कुठली बंदूक चांगली? झालं! दहा तोंडं एकदम उघडली. कुठल्या बंदुकीला झटका जास्त, कुठल्या मॅपवर कुठे उतरायचं, कुणाच्या काकाच्या फोनमध्ये कुठला कॅरेक्टर आहे. ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशा मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. फोन नसलेल्या वेळात ती मुलं तो गेम तोंडीच खेळत होती, असं म्हटलं तरी चालेल.

तासांचं माप आमच्या भागात का चालत नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. एका घरात एक स्मार्टफोन, तोही २०२० नंतर बऱ्याच घरांत आलेला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास फोनवर येणार म्हणून लोकांनी शेळी विकून, उसनेपासने करून फोन घेतले. अभ्यास यायचा तेवढा आला, पण फोन घरात राहिला. रेंज गावात नाही, टेकडीवर आहे. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आश्रमशाळेत राहणारी मुलं तर महिनोन् महिने फोनला हात लावत नाहीत आणि सुट्टीत घरी आली की दिवसभर सोडत नाहीत. अशा मुलाचं सरासरी काढलं तर तो अगदी आदर्श विद्यार्थी ठरेल.

शिबिर संपल्यावर वाटेत मामाच्या गावी उतरलो, आजीला भेटायला. तिला विचारलं, तुझा नातू, म्हणजे माझा मामेभाऊ, शाळेतून पत्र-बित्र पाठवतो की नाही? तो नववीला आश्रमशाळेत होता. आजी म्हणाली, "कसली शाळा? तो तर भट्टीवर आहे."

तो सर्वेक्षणाचा आठवडा मी इतरांच्या मुलांना व्यसनाचे प्रश्न विचारत फिरत होतो, आणि त्याच आठवड्यात तो भिवंडीच्या बाजूला विटा थापत होता. त्याची गोष्ट पुढे सांगतो. आधी थोडा अभ्यासाचा भाग, कारण तो समजल्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही.

व्यसन म्हणायचं कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार जुगाराच्या व्यसनाच्या शेजारी बसवला आहे. त्याच्या खुणा तीन. खेळणं कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजची कामं खेळाच्या मागे पडत जातात. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. यामुळे घर, शिक्षण, नातीगोती यांचा मोठा बिघाड व्हायला हवा आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार होतो, हेही संघटना स्पष्ट सांगते. आणि गंमत बघा, या सगळ्यात किती तास खेळलं म्हणजे व्यसन, याचा आकडाच नाही! आम्ही मात्र पहिल्याच पानावर तास विचारले होते.

म्हणजे दिवाळीत सलग आठ तास खेळणारा मुलगा व्याख्येप्रमाणे व्यसनी असेलच असं नाही. आणि टेकडीवर अर्धाच तास मिळणारा, पण त्या अर्ध्या तासासाठी बाकी सगळं सोडून देणारा मुलगा तासांच्या तक्त्यात कधीच सापडणार नाही.

आता हे होतं कसं? याचं उत्तर मला मानसशास्त्राच्या पुस्तकाआधी खेकड्यांनी दिलं होतं, फक्त ते कळलं उशिरा. पहिले दोन-चार पाऊस झाले की आमच्याकडे पोरं रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे पकडायला जातात. एका दगडाखाली मिळतो, पुढच्या पाच दगडांखाली काही नसतं, मग एकदम दोन मिळतात. प्रत्येक दगडाखाली हमखास खेकडा असता तर ते काम झालं असतं, मजा राहिली नसती. आणि एकाही दगडाखाली नसता तर पोरं दहा मिनिटांत घरी आली असती. मिळेल की नाही हे माहीत नसणं, हीच त्यातली ओढ. अमेरिकन शास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हेच कबुतरांवर मांडून दाखवलं. चोच मारल्यावर दाणा कधी पडेल याचा नेम नसेल, तर कबुतर न थकता चोच मारत राहतं, आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. जुगाराच्या मशीनचं गणितही हेच आणि गेममधल्या बक्षिसाच्या पेटीचंही हेच.

मेंदूत काय होतं तेही थोडं सांगतो. १९९८ साली लंडनमध्ये काही स्वयंसेवकांना रणगाड्याचा एक व्हिडिओ गेम खेळायला देऊन त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेतले, तेव्हा खेळताना डोपामिन स्रवतं असं दिसलं. तेव्हापासून ‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ असं जो तो म्हणू लागला. ते तितकंसं बरोबर नाही. वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत वेगळीच गोष्ट दिसली होती. अनपेक्षित रस मिळाला की माकडाच्या डोपामिनच्या पेशी उसळत. पण रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं, की त्या पेशी दिवा लागतानाच उसळू लागत, रस मिळताना नाही. आणि दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही गप्प होत. आपल्या फोनवरचा ‘टिंग’ म्हणजे तो दिवा. जेवताना ‘टिंग’ वाजलं की हातातला घास हातातच राहतो, त्याचं कारण हे आहे.

पण खेकडे आणि गेम यांत एक मोठा फरक आहे. खेकड्यांची टोपली भरते. बॅटरी संपते, पाऊस वाढतो, झोप येते, आई हाका मारते. खेळाला शेवट असतो. जुन्या व्हिडिओ गेमलाही होता. १९७८ साली जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला, त्यात तीन जीव संपले की नाणं टाकावं लागे. १९९७ साली नोकियाच्या फोनवर साप आला. माझ्या लहानपणी पप्पांच्या फोनवर मी तो खेळलो आहे. साप स्वतःला चावला की संपलं! पडद्यावर ‘गेम ओव्हर’ यायचं आणि पप्पा फोन मागून घ्यायचे. आताच्या गेममध्ये ‘गेम ओव्हर’ कुठं दिसतं सांगा? मेलात की ‘पुन्हा सुरू करा’, जिंकलात की ‘पुढचा सामना’, बंद केलात तर उद्याचं बक्षीस वाट बघत असतं. सीझन संपला की दुसऱ्या दिवशी नवा सीझन.

आणि मित्रांनो, हे आपोआप झालेलं नाही. ते ‘गेम ओव्हर’ काढून टाकणारी माणसं आपल्याच शाखेची आहेत. गेम बनवणाऱ्यांच्या भाषेत एक शब्द आहे, रिटेन्शन. आज ज्यांनी गेम फोनवर टाकला त्यातले उद्या किती जण परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. हे आकडे वाढवणं हे काम असतं आणि त्याचा पगार मिळतो. बॅटल रॉयल प्रकारच्या गेममध्ये नव्या खेळाडूसमोर सुरुवातीला कितीतरी बॉट सोडलेले असतात, म्हणजे त्याला वाटावं, आपल्याला जमतंय! पबजी मोबाईल मार्च २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचंच भावंड बीजीएमआय नावाने आलं. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचा मॅक्स हा अवतार चालू राहिला. नावं बदलली, पण आतली यंत्रणा तीच.

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला मी एक गेम केला होता, काहींनी तो टेकफेस्टमध्ये खेळलाही असेल. वारली चित्रातला माणूस पळतो आणि वाटेतले दगड चुकवतो. पहिल्या दोन दिवसांनंतर मित्र तो उघडेनात. मग मी त्यात ‘रोजची पेटी’ घातली. सलग सात दिवस गेम उघडला तर सातव्या पेटीत मोठं बक्षीस, आणि एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. कोडच्या फार तर साठ ओळी. आठवड्यात उघडणाऱ्यांची संख्या दुपटीहून वर गेली, प्रेझेंटेशनला ग्राफ दाखवला, चांगले मार्क पडले. त्या ग्राफकडे बघताना आपण काही वाईट करतोय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता मामेभावाची गोष्ट सांगताना ते साठ ओळींचं फंक्शन मला आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याला पहिला गेम मीच टाकून दिला होता. लॉकडाऊनमध्ये मी गावी होतो, तो चौथी-पाचवीला. मामाने नवीन फोन घेतला होता, त्यात शाळेचा ग्रुप, अभ्यासाचे व्हिडिओ, सगळं मी लावून दिलं. पोरगं कंटाळलं होतं म्हणून स्वस्त फोनवर चालेल असा एक हलका बॅटल रॉयल गेमही टाकून दिला. त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. दोघं टेकडीवर उंबराखाली बसून खेळायचो. मग माझं कॉलेज सुरू झालं आणि मी विसरून गेलो.

त्याने खेळ सोडला नाही. आश्रमशाळेत फोन नसायचा, पण दर सुट्टीत खेळायचा. हळूहळू घरातला ‘फोनवाला’ तोच झाला. मामाला वाचता येत नाही. बँकेचा मेसेज वाचणं, रेशनचा ओटीपी सांगणं, यूपीआय लावणं, सगळं हाच करायचा. पिनही त्यानेच घातलेला. २०२४ च्या दिवाळीत भट्टीची उचल मामाच्या खात्यात आली. आमच्या भागातल्या कितीतरी घरांचं वर्ष असंच चालतं: पावसाळ्यात नागली-वरई-भात, दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्टीवर, आणि मेअखेर परत. जाण्याआधी आगाऊ पैसे घ्यायचे आणि मग हजार विटांच्या हिशेबाने ते फेडायचे. त्या उचलीतून गेममधले डायमंड घेतले गेले. कधी ८० रुपये, कधी २४०, दोनदा ८००. सुट्टीच्या पंधरा दिवसांत साडेचार हजार गेले. तंबाखू-मिरचीला पैसे काढायला मामा गेला तेव्हा कळलं.

मामाने मारलं का, हे मी विचारलं नाही. मामी एवढंच म्हणाली, "फोन फोडला असता, पण मुकादमाचा फोन त्याच्यावरच येतो." शहरातल्या पालकांना जे समुपदेशक सांगतात ना, ‘मुलाच्या हातातून मोबाईल काढून घ्या’, ते इथे शक्यच नव्हतं. पैसे फिटायला एक हात जास्त हवा, म्हणून पोराला भट्टीवर नेलं असं मामा सगळ्यांना सांगतो. पोराने मला वेगळं सांगितलं. फेब्रुवारीत मी भट्टीवर गेलो तेव्हा तो गाऱ्यात पाय घालून उभा होता, आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "दादा, इथं फुल रेंज आहे."

म्हणजे तो स्वतःहून गेला होता. दिवसभर विटा, रात्री झोपडीबाहेर गेम. आजूबाजूच्या झोपड्यांतली चार पोरं मिळून स्क्वॉड. मी विचारलं, शाळेची आठवण येत नाही? म्हणाला, शाळेत मला कोण ओळखतं? इथं मी हिरोइक आहे. हिरोइक हा त्या गेममधला वरचा दर्जा. ज्या मुलाचं नाव कधी फळ्यावर लागलं नाही, ज्याला गणिताच्या तासाला मागे बसवलं जातं, त्याला एका ठिकाणी रोज सांगितलं जातं की तू वर चढलास. माझा राग तिथेच गळाला. माझी एम-टूची केटी आणि याची नववी यांत फरक एवढाच, की मला पुन्हा पेपर द्यायची सोय होती.

त्याला गेमिंग डिसऑर्डर होता का? मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नव्हे. वर सांगितलेल्या खुणांपैकी किती जुळतात ते तुम्हीच बघा.

जगात यावर काय काय करून झालंय हेही पाहण्यासारखं आहे. दक्षिण कोरियाने २०११ साली सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद, असा कायदा केला होता. २०२२ च्या सुरुवातीला तो रद्दही करून टाकला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीन मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास दिला. आमच्याकडे हे काम वीज आणि रेंज दोघी मिळून फुकटात करतात, आणि तरी उपयोग होत नाही! भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा बंदीचा रोख पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. डायमंड विकत घेऊन बंदुकीला रंग लावणारे गेम त्यात येत नाहीत.

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक आहे. मोखाड्याहून बंगळुरूला कोण जाणार म्हणा. पण १४४१६ हा टेली-मानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आपल्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावरही लावायला हरकत नाही, गरज फक्त गावाकडेच आहे असं नाही.

आम्ही घरी जे केलं ते अगदी साधं होतं. मामाला बटणाचा फोन घेऊन दिला, बँकेशी जोडलेलं सिम त्यात टाकलं. मुकादम त्याच्यावर फोन करतो. २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३पे बटणाच्या फोनवरही चालतं, मामाने ते दोन दिवसांत शिकून घेतलं, पिन स्वतःचा स्वतः ठेवला आणि तेव्हापासून तो जरा ताठ चालतो! स्मार्टफोन आजीच्या पत्र्याच्या पेटीत गेला. त्यातून यूपीआय काढून टाकलं, प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावला, गेमची सगळी नोटिफिकेशन बंद केली. गेम मात्र काढला नाही. काढला असता तर त्याने दुसऱ्याच्या फोनवर खेळला असता आणि माझ्याशी बोलणं बंद केलं असतं.

जून २०२५ मध्ये शाळेने त्याला पुन्हा नववीत घेतलं, त्याबद्दल मुख्याध्यापकांचे आभार मानावे तेवढे थोडे. तो आता खो-खोच्या संघात आहे. रविवारी अधीक्षकांच्या फोनवरून घरी बोलता येतं, तेव्हा कधी कधी मलाही फोन लावतो. गणितात अजून कच्चाच आहे. पहिल्या घटक चाचणीचे मार्क मला सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत.

या दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम मामाकडे गेलो. आजीने पेटी उघडली नाही, उघडली नाही, आणि शेवटचे सहा दिवस उरले तेव्हा त्याच्या भुणभुणीला कंटाळून उघडली. फोन घेऊन तो टेकडीवर गेला, मीही मागोमाग. गेम उघडल्याबरोबर पडद्यावर फटाके उडाले. पाच महिने आला नाहीस म्हणून खास स्वागत! सलग सात दिवस ये, रोज एक पेटी उघड, सातव्या पेटीत बंदुकीची दुर्मिळ स्किन. माझ्या मिनी प्रोजेक्टमधलं ते साठ ओळींचं फंक्शन जसंच्या तसं समोर होतं, फक्त चित्रं जास्त चांगली होती. मी त्याला तिथेच बसून सगळं समजावलं: हे असं का करतात, सातच दिवस का, एक दिवस चुकला तर काय होतं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "मला माहितीये दादा." आणि पहिली पेटी उघडली.

सहा दिवसांत सहा पेट्या झाल्या. सहाव्या संध्याकाळी त्याला मोटारसायकलवरून शाळेत सोडायचं होतं. बॅग भरली, चादर बांधली, आजीच्या पाया पडला आणि गाडीजवळ येऊन उभा राहिला. बसेना. मी काही बोललो नाही. गेल्या वर्षी याच दिवशी तो भट्टीच्या ट्रकमध्ये चढला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, उद्याची तेवढी तू उघडशील?"

मी हो म्हटलं. तो बसला. शाळेच्या फाटकाशी उतरून मागे वळून न बघता आत गेला, कारण खो-खोची पोरं तिथेच उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजीकडून फोन घेतला, टेकडीवर गेलो आणि सातवी पेटी उघडली. लाल-सोनेरी रंगाची स्किन निघाली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मुदत ३ दिवस.